आधी टायरवरचा आकडा वाचा

भिलाईच्या सुपेल्यातल्या कुठल्याही सायकलच्या दुकानात 28 इंची टायर मागा. दुकानदार मान वर न करता हात वर करतो आणि छताला टांगलेल्या माळेतून एक टायर ओढून काढतो. त्यावर 28 × 1½ असं उठवलेलं असतं. दूधवाला, भाजीवाला, बांधकामावरचा मजूर, सगळ्यांच्या काळ्या सायकलीला हाच टायर लागतो. आता कुणाच्या तरी गच्चीवर धूळ खात पडलेल्या जुन्या विलायती रेसिंग सायकलीचा टायर पुसून वाचा. तिथेही 28 दिसू शकतं, फक्त पुढे 1⅝ × 1⅛ असतं. दोघांनाही लोक अठ्ठावीसच म्हणतात, पण हा टायर त्या रिमवर बसत नाही. जिथे टायर रिमला धरतो तिथला व्यास पहिल्याचा 635 मिलिमीटर, दुसऱ्याचा 622. तेरा मिलिमीटर म्हणजे बोटाची रुंदीसुद्धा नाही, पण तेवढ्यासाठी हौसेने घेतलेली सायकल अंगणात उभी राहते.

सायकल नव्याने सुरू करणाऱ्याने जुनी रोड सायकल घ्यावी का, आणि घ्यायचीच तर ती कशी निवडावी, या प्रश्नावर जगभर भरपूर लिहिलं गेलं आहे. त्यातलं बरंचसं फ्रान्स, इटली, इंग्लंड, जपान आणि अमेरिका यांच्या भंगारावर पोसलेलं आहे. तिथे जुन्या कंपन्यांची नावं, स्टिकर, नळ्यांची जात यांपासून सुरुवात होते आणि टायर मिळेल हे गृहीतच असतं. सुपेल्यात ही यादी उलटी वाचावी लागते. इथे पहिला प्रश्न टायरचा, दुसरा अंगाच्या मापाचा, तिसरा फ्रेमचा. कंपनीचं नाव सगळ्यांत शेवटी. असं का, ते या लेखात एकेक करून पाहू.

जुनी म्हणजे किती जुनी?

इटलीत तोस्कानातल्या गायोले इन कियांती या गावातून 1997 पासून ‘लेरोइका’ नावाची सायकल फेरी निघते. ज्यांकार्लो ब्रोकी यांनी ती सुरू केली. पांढऱ्या कच्च्या रस्त्यांवरून जुन्या सायकलींनी जायचं, हा तिचा रिवाज. जुनी कुणाला म्हणायचं याचा नियमही त्यांनी घालून दिला आहे. सायकल साधारणपणे 1987 च्या आधीची हवी, गिअरच्या कळा तिरक्या नळीवर हव्यात, पायडलला पट्ट्याचे क्लिप हवेत आणि ब्रेकच्या केबल हँडलच्या बाहेरून वळलेल्या दिसायला हव्यात.

ही रेघ उगाच ओढलेली नाही. 1984 मध्ये शिमानोने आपल्या ड्युरा-एस संचात टक्‌टक्‌ करत नेमक्या दातावर बसणारा गिअर आणला. त्याच वर्षी फ्रान्सच्या लूक कंपनीने बुटाला अडकणारं पायडल बाजारात आणलं. 1990 च्या सुमारास गिअरची कळ ब्रेकच्या लिव्हरमध्येच जाऊन बसली. त्याआधीची सायकल चालवणारा कळ अंदाजाने सरकवायचा आणि चेन बसल्याचा आवाज कानाने ओळखायचा. रसिकांना ओढ आहे ती त्या सायकलीची.

आपल्याकडे चित्र वेगळं होतं. आयातीवर निर्बंध असल्यामुळे विलायती रेसिंग सायकल इथे फार थोड्यांच्या हाती आली. आपल्या जुन्या सायकली इथेच बनलेल्या. मुंबईत वरळीला हिंद सायकलचा कारखाना होता. कारखाना गेला, पण हिंद सायकल रोड हे नाव राहिलं. आसनसोलजवळ सेन-रॅलेने रॅले बनवल्या; 1980 मध्ये त्या कंपनीचं राष्ट्रीयीकरण झालं. मद्रासच्या टीआय सायकल्सची सुरुवात 1949 ची. हर्क्युलस, फिलिप्स आणि बीएसए ही तिची नावं. सोनीपतची अ‍ॅटलास 1951 ची, लुधियान्याची हीरो 1956 ची. हीरोचं नाव 1986 मध्ये जगातली सर्वांत मोठी सायकल उत्पादक म्हणून गिनीज बुकात गेलं. अ‍ॅटलासच्या साहिबाबाद कारखान्याचं काम थांबलं ते 3 जून 2020 रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी.

या कारखान्यांनी मुख्यतः जड, उभ्या बसणीच्या, गाडीसारखं ओझं वाहणाऱ्या सायकली काढल्या. त्यांना रोडस्टर म्हणतात, आपण नुसतं काळी सायकल म्हणतो. त्यांच्यातच थोड्या सडपातळ निघाल्या. बीएसए एसएलआर ही कॉलेजला जाणाऱ्या मुलाच्या स्वप्नातली सायकल होती. पुढे हीरो हॉक आली आणि खाली वळलेलं रेसिंग हँडल मोहल्ल्यात दिसू लागलं.

म्हणजे सुपेल्यात जुनी रोड सायकल शोधणाऱ्याच्या समोर तीन जाती येतात. साधी काळी रोडस्टर, देशी स्पोर्ट्स किंवा रेसिंग, आणि क्वचित कुणी परदेशाहून आणलेली किंवा पुण्या-बंगळुरूच्या हौशी माणसाकडून घेतलेली विलायती. नवा माणूस मोबाइलवर तिसरी पाहत असतो आणि त्याला मिळतात पहिल्या दोन. खरी निवड या फटीत करायची असते.

भिलाईला पोलाद शिकवायला नको

जुनी सायकल घ्यायचं पहिलं कारण बहुतेक ठिकाणी एकच दिलं जातं, पोलाद. ते कारण भिलाईच्या माणसाला लवकर पटतं. 1955 मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं आणि त्यानंतर या गावातली कितीतरी माणसं पोलादावर जगली. पाळी सुटली की गेटमधून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा, ही इथल्या जुन्या माणसांची सामायिक आठवण आहे. विदर्भातून आलेली मराठी घरंही त्याच लोंढ्यात होती.

पण पोलाद म्हटलं की सगळं एकच नसतं. आपल्या कारखान्यातून रेल्वेचे रूळ निघतात. त्यांचं वजन मीटरला 60 किलो. चांगली जुनी रेसिंग सायकल अख्खी 11-12 किलोची असते. एक मीटर रुळाच्या वजनात पाच सायकली मावतात. ही किमया मिश्रधातूची आणि पातळ नळीची. इंग्लंडच्या रेनॉल्ड्स कंपनीने 1935 मध्ये 531 नावाची मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची नळी आणली. तिची भिंत टोकांना, म्हणजे जिथे सांधा येतो तिथे, जरा जाड असते आणि मधे 0.6 मिलिमीटरपर्यंत उतरते. इटलीत कोलंबस, जपानमध्ये टांगे यांनीही अशाच नळ्या केल्या. नळ्या एकमेकींत सरळ न जोडता कोरीव खोबणींत बसवून पितळेने झाळायच्या. आपल्या काळ्या सायकलीतही सांध्याला खोबण असते, मात्र नळी जाड आणि साध्या पोलादाची, म्हणून ती वीस किलोच्या घरात जाते.

पोलादाचा एक गुण रसिकांच्या बोलण्यात थोडा फुगवून येतो, पण मुळात खरा आहे. ठराविक मर्यादेच्या आतले धक्के पोलाद जवळजवळ कितीही वेळा सोसतं. अ‍ॅल्युमिनियमला अशी मर्यादा नसते. लहान धक्क्यांचाही हिशेब त्यात साठत जातो. म्हणून चाळीस वर्षांची पोलादी फ्रेम निर्धास्त वापरता येते, पण त्याच सायकलीचं चाळीस वर्षांचं अ‍ॅल्युमिनियमचं हँडल आणि त्याला धरणारा गज यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. ते दोन भाग भिंगाने पाहावेत आणि शंका आली तर बदलावेत. चालत्या सायकलीचं हँडल तुटलं तर सावरायला वेळ मिळत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. पोलादी फ्रेम कुठेही वेल्डिंग करून मिळते, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. काळ्या सायकलीपुरतं ते खरं आहे. 531 च्या कागदासारख्या नळीवर गेट-ग्रिल करणाऱ्याने इलेक्ट्रोड टेकवला तर भोक पडतं, आणि न पडलं तरी आजूबाजूचं पोलाद तापून आपला गुण गमावतं. विलायती फ्रेमला तडा असेल तर सुपेल्यात ती भिंतीला टांगायच्या कामाची. स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

26, 27, 28 यांचा घोळ

टायरच्या आकड्यांचा गोंधळ जुना आहे. पूर्वी आकडा टायरच्या बाहेरच्या व्यासाचा असे. टायर जाड-बारीक होत गेले, रिम बदलल्या, नावं मात्र तीच राहिली. अमेरिकेतले मेकॅनिक शेल्डन ब्राऊन यांनी या घोळाचे तक्ते करून लोकांपुढे मांडले, आणि आज जगभरचे सायकलवाले त्यांचा आधार घेतात. त्यांच्या सांगण्याचं सार एवढंच की इंचांचा नाद सोडा आणि टायरच्या कडेवर बारीक अक्षरांत छापलेला दुसरा आकडा वाचा. 40-635, 37-590, 32-630, 25-622 असा तो असतो. पहिला भाग टायरची रुंदी, दुसरा रिमवरचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा जुळला तरच टायर बसतो.

सुपेल्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा. 635 म्हणजे 28 × 1½, काळ्या सायकलीचा. तो दुर्गपासून खेड्यातल्या पंक्चरवाल्यापर्यंत सगळीकडे मिळतो. 590 म्हणजे 26 × 1⅜, लेडीज आणि हलक्या सायकलींचा. तोही सहज मिळतो. 622 म्हणजे आजच्या रोड आणि हायब्रिड सायकलींचा 700सी. त्यासाठी गिअरच्या सायकली विकणाऱ्या मोठ्या दुकानात जावं लागतं, पण तो चालू माप आहे आणि पुढेही राहील. 630 म्हणजे 27 × 1¼. सत्तरच्या दशकातल्या कितीतरी विलायती दहा-गिअरी सायकली याच मापाच्या आहेत आणि अडचणही इथेच आहे. हा टायर मागवून आणावा लागतो. ट्यूब मात्र 700सीची चालते.

27 इंची विलायती सायकल आवडलीच असेल तर एक वाट आहे. 630 आणि 622 यांत व्यासाचा फरक आठ मिलिमीटर, म्हणजे त्रिज्येचा चार. ब्रेकचे रबर खाचेत चार मिलिमीटर खाली सरकत असतील तर 700सीची चाकं त्या फ्रेममध्ये चालतात. घेण्याआधी खाच पाहावी; रबर आधीच तळाशी टेकलेलं असेल तर ही वाट बंद.

26 चा घोळ याहून वाईट. माउंटन बाइकचा 26 म्हणजे 559, लेडीज सायकलचा 590, आणि फ्रेंच सायकलींचा 584 किंवा 571 सुद्धा. दुकानात नुसतं ‘छब्बीस का टायर’ म्हणालात तर परत यावं लागेल. आणखी एक बारकावा: बारीक वॉलसाठी केलेल्या विलायती रिमचं भोक साडेसहा मिलिमीटरचं असतं. आपल्याकडची जाड नळीची, वॉलट्यूब घातलेली ट्यूब त्यातून आतच जात नाही. रिमचं भोक हलक्या हाताने मोठं करून घेता येतं, पण ते काम करणारा मिस्त्री आधी पाहून ठेवावा. आणि रिमला चिकटवायच्या गोल ट्युब्युलर टायरची चाकं नवशिक्याने हातातही धरू नयेत.

टायर किती रुंद हवा, यावर गेल्या काही वर्षांत मत बरंच बदललं आहे. बारीक आणि दगडासारखा फुगवलेला टायर वेगवान, असं पूर्वी मानत. अमेरिकेतले यान हाइने आणि ग्रँट पीटरसन यांनी त्याविरुद्ध सातत्याने लिहिलं: खडबडीत रस्त्यावर रुंद, लवचिक टायर मागे पडत नाही आणि शरीर कमी थकवतो. भिलाईच्या सेंट्रल एव्हेन्यूच्या गुळगुळीत डांबरावर हा वाद निष्फळ वाटेल. तिथून रेल्वे ओलांडून सुपेल्याच्या गल्लीत शिरा, पावसाळ्यानंतर शिरा, मग 32 मिलिमीटरच्या खालचा टायर नको वाटेल.

अंगाचं माप

आपल्याकडे सायकल लहान-मोठी असते ती बावीस इंची की चोवीस इंची, एवढ्याच अर्थाने. तो आकडा सीटच्या नळीचा. पूर्वी घरात एकच सायकल असायची, तिच्यावर बापही बसायचा आणि मुलगा नळीच्या खालून पाय घालून ‘कैंची’ चालवायचा. रोड सायकलला हे चालत नाही. खाली वाकून, हात लांब करून तासभर बसायचं असल्यामुळे दोन-तीन सेंटीमीटरचा फरकही मानेला आणि गुडघ्याला कळतो.

माप घरी घेता येतं. भिंतीला पाठ लावून, अनवाणी, पाय वीतभर दूर ठेवून उभं राहावं. एक जाड पुस्तक दोन पायांमध्ये सीटसारखं घट्ट वर धरावं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजावं. समजा ते 80 सेंटीमीटर आलं. त्याला 0.65 ते 0.67 ने गुणलं की फ्रेमचं माप, साधारण 52 ते 54 सेंटीमीटर. त्याच 80 ला 0.883 ने गुणलं की क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची, 70.6. हे दुसरं गणित फ्रेंच प्रशिक्षक सिरिल गिमार आणि त्यांचा शिष्य, टूर द फ्रान्स जिंकणारा ग्रेग लेमाँड यांच्यामुळे प्रसिद्ध झालं. नवशिक्याने सीट त्याहून सेंटीमीटरभर खाली ठेवून सुरुवात करावी.

गणितावर मात करणारी कसोटी साधी आहे. सायकलीच्या आडव्या नळीच्या दोन्ही बाजूंना पाय जमिनीवर टेकवून उभं राहा. अंग आणि नळी यांत दोन-तीन बोटं जागा हवी. मग बसून हँडल धरा; कोपर किंचित वाकलेलं राहायला हवं. उंची कमी पडली तर सीट वर करता येते, लांबी मात्र जवळजवळ बदलता येत नाही. मोठी फ्रेम स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नये. मोठ्या सायकली स्वस्त असतात त्याचं कारणच हे की त्या कुणाला बसत नाहीत.

साडी किंवा सलवारवर सायकल चालवणाऱ्या बायकांना जुन्या रोड सायकलींच्या चर्चेत बहुतेक वेळा वगळलं जातं. त्यांच्यासाठी फ्रेंचांनी केलेली मिक्स्त फ्रेम आहे, जिची वरची नळी दोन बारीक नळ्या होऊन तिरकी थेट मागच्या चाकापर्यंत उतरते. ती मिळाली तर सोन्याहून पिवळं. नाही मिळाली तर 26 × 1⅜ ची देशी लेडीज फ्रेम हलकी करून घेणं, हा सुपेल्यातला सर्वांत शहाणा सौदा ठरू शकतो: टायर सहज मिळतो, उतरणं सोपं, आणि चेनकव्हरमुळे कपडा अडकत नाही.

डोळे, दोरी आणि चुंबक

फ्रेम पाहायला यंत्र लागत नाही. आधी चुंबक. चिकटलं तर पोलाद. मग पुढून पाहा: हेडच्या नळीच्या मागे, जिथे वरची आणि तिरकी नळी येऊन मिळतात, तिथे खालच्या बाजूने बोट फिरवा. रंगाला आडव्या सुरकुत्या किंवा बोटाला फुगीर उंचवटा लागला तर सायकल समोरून कशाला तरी धडकली आहे. पुढच्या चाकाचा चिमटा मागे वाकलेला दिसला तर तोच पुरावा. अशी सायकल सोडावी.

मग दोरी. मागच्या चाकाच्या एका टोकाच्या खाचेपासून दोरी निघू द्या, हेडच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेत आणा आणि ताणून बांधा. सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोरीचं अंतर मोजा. एक-दोन मिलिमीटरचा फरक चालतो. पाच-सहा असेल तर फ्रेम तिरकी आहे. ती सरळ होते, पण हातात कसब असणाऱ्याकडूनच.

गंज तीन प्रकारचा. वरवरचा तांबूस थर कापडाने आणि तेलाने निघतो, त्याची चिंता नको. रंगाखाली फोड आले असतील तर नखाने टोकरून पाहा. आणि खरा वैरी आतला: सीटच्या नळीतून पावसाचं पाणी उतरतं आणि क्रँकच्या डब्यात साचतं. सायकल उलटी करा. आतून लाल चुरा किंवा पाणी आलं तर भाव निम्मा करा किंवा नमस्कार करा. छत्तीसगडचा पावसाळा अंगणात उभ्या सायकलीला सोडत नाही.

शेवटी सीटचा दांडा आणि हँडलचा गज हलतात का पाहा. बोल्ट सैल करूनही हलत नसतील तर अ‍ॅल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना धरून बसले आहेत. विकणारा म्हणतो, ‘थोडं तेल टाका, निघेल.’ निघालेला दांडा दाखव, मग पैसे, एवढंच उत्तर.

आटे कुठल्या देशाचे?

मिस्त्री ज्याला ‘चूडी’ म्हणतो ते आपले आटे. क्रँकच्या डब्यात कप फिरवायचे आटे देशागणिक वेगळे होते. इंग्रजी पद्धतीत डब्याचे आटे इंचाला 24, आणि उजवा कप उलट्या आट्याचा. इटालियन पद्धतीत डबा थोडा मोठा, 36 मिलिमीटरचा, आणि दोन्ही कप सरळ आट्याचे. फ्रेंच 35 मिलिमीटरचे, आटे एक मिलिमीटर अंतराने. नॉटिंगहॅमच्या रॅलेने तर स्वतःचे 26 आटे चालवले. ऐंशीच्या दशकाआधीची प्यूजो मिळाली की माणूस हरखतो. तिच्यात फ्रेंच आटे असण्याची शक्यता फार असते आणि तिचे कप भिलाईतच काय, नागपुरातही शोधून मिळणार नाहीत. हँडलचा गजही आपल्याकडच्या 22.2 मिलिमीटरऐवजी 22 चा.

जपानी सायकली इथे उपकारक ठरतात. जपानने इंग्रजी माप उचललं, ते पुढे जगाचं झालं, आणि आपल्याकडच्या मागच्या फ्रीव्हीलचे आटेही त्याच घराण्यातले. विलायती सायकलीचा गिअर खराब झाला आणि सुटा भाग मिळाला नाही, तर इंग्रजी आट्याच्या हबवर आपलं साधं एकेरी फ्रीव्हील चढतं आणि सायकल चालू राहते. चाकाची मागची रुंदीही तपासा: पाच गिअरच्या काळात 120 मिलिमीटर, सहा-सातच्या काळात 126, पुढे 130. पोलादी फ्रेम थोडी फाकवता येते, अ‍ॅल्युमिनियमची नाही.

देशी जुन्या सायकलींमध्ये ही कटकट नाही. कॉटर पिन ठोकून बसवलेला क्रँक, कोन-कप आणि सुटे छर्रे, सगळं सुपेल्यात वाटीभर मिळतं. कॉटर पिन काढताना मिस्त्री हातोडा मारतो, ते पाहून जीव खालीवर होतो, पण तेच तिचं मोल आहे: जो भाग हातोड्याने निघतो तो कुठेही दुरुस्त होतो.

थांबणं आणि पळणं

जुन्या सायकलीत सुधारायची पहिली गोष्ट कोणती, असं विचारलं तर नवशिका गिअर म्हणतो. उत्तर आहे रिम. चकचकीत क्रोमची पोलादी रिम ओली झाली की ब्रेकचं रबर तिच्यावर घसरतं. लिव्हर दाबूनही सायकल कितीतरी पुढे जाते. जुलैत जी. ई. रोडवर ट्रकच्या मागे हे परवडत नाही. अ‍ॅल्युमिनियमची रिम आणि नवे रबर, हा खर्च सायकलीच्या किमतीत आधीच धरावा. काळ्या सायकलीचे दांडीचे ब्रेक रिमच्या आतल्या कडेवर दाबतात. ते संथ चालीला ठीक, वेगाला नाहीत. सत्तरच्या दशकातल्या रेसिंग हँडलवर आडव्या जादा कळा असतात, त्या सोयीच्या दिसतात पण अर्धा जोर खाऊन टाकतात. त्या काढून टाकाव्यात.

गिअर लागतात का, याचं उत्तर सुपेल्यात बाहेरच्यापेक्षा वेगळं येतं. भिलाई सपाट आहे; चढ म्हणावेत तर उड्डाणपुलांचे. काळ्या सायकलीत पुढे 48 आणि मागे 18 दात असतील तर पायडलच्या एका फेरीत सायकल जवळजवळ सहा मीटर जाते. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या की ताशी 21 किलोमीटर. दुर्गला किंवा नेहरूनगरला जायला एवढं पुरतं. दहा-गिअरी सायकलीत 52 आणि 14 दातांची जोडी एका फेरीत आठ मीटर नेते, आणि 42-28 ची सव्वातीन. हा पल्ला घाटात किंवा उलट्या वाऱ्यात लागतो. रायपूरपर्यंत जायचं ठरवाल तेव्हा गिअरचा विचार करा. तोवर एकेरी फ्रीव्हीलमुळे बिघडणारे भाग कमी होतात आणि नवशिक्याचं लक्ष पायांकडे राहतं.

चेन मात्र मोजून घ्यावी. बारा पूर्ण कड्यांची लांबी नव्या चेनमध्ये बरोबर बारा इंच असते. पट्टीवर ती एक सोळांश इंचाने वाढली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. एक अष्टमांश वाढली असेल तर दातही खाल्ले गेले. चेनबरोबर फ्रीव्हीलही बदलावं लागेल, तेवढं भावातून कमी करावं. चाकं फिरवून रिम डोलते का पाहावं. थोडा आउट मिस्त्री काढून देतो; पण स्पोकची टोकं गंजून निपलला धरली असतील तर आउट निघत नाही, चाक नव्याने गुंफावं लागतं.

हिशेब आणि पावती

जुन्या सायकलीची किंमत विकणारा सांगतो ती नसते. तिच्यात दोन टायर, दोन ट्यूब, ब्रेकचे रबर, केबल, चेन, छर्रे-ग्रीस आणि मिस्त्रीचा एक दिवस मिळवा. ही बेरीज त्याच कामाच्या नव्या साध्या सायकलीच्या किमतीला पोचत असेल तर जुनी घ्यायला एकच कारण उरतं, हौस. हौस वाईट नाही, फक्त तिला काटकसर म्हणू नये.

पावती मागायला संकोच करू नका. जुनी सायकल चोरीची असण्याची शक्यता असते. क्रँकच्या डब्याखाली किंवा सीटच्या नळीवर नंबर कोरलेला असतो. तो लिहून घ्या, घासून पुसलेला असेल तर सौदा सोडा. नंबर, तारीख, विकणाऱ्याचं नाव आणि सही असा साधा कागद दोघांच्या कामाचा.

जुनी सायकल घेणारा तिच्याबरोबर तिचा मिस्त्रीही घेत असतो. म्हणून सायकल पाहण्याआधी मिस्त्री पाहावा. गिअरच्या सायकली सोडवणारा आणि काळ्या सायकलींवर हात बसलेला, असे दोन वेगळे कारागीर असतात. तुमच्या गल्लीच्या टोकाला दुसऱ्या जातीचाच कारागीर असेल तर तुमची सायकलही त्याच जातीची असावी.

कोणी घ्यावी, कोणती घ्यावी

ज्याला रोज सकाळी ठरल्या वेळी कामावर पोचायचं आहे आणि हात काळे करायची आवड नाही, त्याने नवी साधी सायकल घ्यावी. जुन्या सायकलीचं गुणगान त्याच्यासाठी नाही. ज्याला व्यायाम आणि लांबचं फिरणं हवं आहे, पण जवळ फक्त काळ्या सायकलींचा मिस्त्री आहे, त्याने देशी हलकी सायकल घ्यावी: एसएलआर, हॉक किंवा 590 च्या मापाची कुठलीही सरळ फ्रेम. अ‍ॅल्युमिनियमची रिम आणि बरे ब्रेक लावले की तिच्यात फारसं उणं राहत नाही. विलायती सायकल घ्यावी ती ज्याचं मोठ्या दुकानाशी येणंजाणं आहे, ज्याला आटे-मापांत रस आहे आणि ज्याच्या घरी दुसरी एक चालती सायकल आहे, त्याने. आणि तीही 622 च्या चाकाची, इंग्रजी आट्याची, शक्यतो जपानी.

जुन्या सायकलीवरचं परदेशी लेखन वाचून मनात एक नाव घट्ट बसलेलं असतं. ते नाव सायकलीच्या हेडवरच्या बिल्ल्यावर दिसलं की माणूस बाकी काही पाहत नाही. म्हणून बिल्ला शेवटी पाहावा. खिशात दोरी, चुंबक, घरी घेतलेलं माप आणि टायरवरच्या आकड्याची चिठ्ठी घेऊन निघावं. विकणाऱ्याला ‘उद्या सांगतो’ म्हणून आधी सुपेल्याच्या दुकानात जावं आणि चिठ्ठी पुढे करून विचारावं, ‘इसका टायर है क्या?’ दुकानदाराचा हात छताकडे गेला, तर सायकल घ्यायला परत जायला हरकत नाही.